पेट्रोलच्या टाकीतील पंप : एक प्रात्यक्षिक धडा

विद्यार्थी मित्रहो, गेली अनेक वर्षे मी वर्गात ओहमचा नियम, वातावरणाचा दाब आणि एकमार्गी विद्युत्-प्रवाहावर चालणारी मोटर हे विषय शिकवीत आलो आहे. फळ्यावरील आकृतीत बॅटरी असते, तार असते, रोध असतो. त्यांत वास नसतो, घाई नसते आणि घरात आजारी माणूसही नसतो. गेल्या दिवाळीत सुरतेस माझ्या अक्काकडे गेलो असता हेच तीन धडे मला एका मोटारीच्या मागच्या सीटखाली नव्याने गिरवावे लागले. त्या अनुभवातून मोटारीच्या एका लहानशा भागाची शास्त्रीय ओळख करून द्यावी आणि जाता जाता स्वतःची एक चूकही कबूल करावी, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

पुलावर थांबलेली गाडी

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी वस्ती मोठी आहे. खानदेशातून कापड-उद्योगासाठी आलेली ही कुटुंबे आता तिथलीच झाली आहेत; महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तेथे आहेत. आमचे भाऊजी मूळचे धुळ्याकडचे आणि साड्यांच्या धंद्यात. त्यांच्या मातोश्रींना, ज्यांना मी मावशी म्हणतो, दर तिसऱ्या दिवशी डायलिसिससाठी तापीपलीकडे अडाजणला न्यावे लागते. त्यासाठीच त्यांनी उंच बांध्याची, ऐसपैस एस.यू.व्ही. घेतलेली. ती पेट्रोलची, पण खर्च वाचावा म्हणून तिला सी.एन.जी.चे किट बसविलेले.

भाऊबिजेच्या दिवशी मावशींना घेऊन परतताना सरदार पुलावर गॅस संपला. किटने आपोआप पेट्रोलवर बदल केला आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल होते, सेल्फ फिरत होता, पण इंजिन दाद देईना. मागे गाड्यांची रांग आणि आत डायलिसिसने गळून गेलेल्या मावशी. चौघांनी ढकलून गाडी पुलाखाली उतरविली आणि मावशींना रिक्षाने घरी पाठविले. पुन्हा गॅस भरूनही उपयोग नव्हता, कारण या किटमध्ये इंजिन सुरू पेट्रोलवरच होते आणि गरम झाल्यावर गॅसवर जाते.

ज्यांना गुजरातचा रिवाज ठाऊक आहे त्यांस पुढची अडचण लगेच ध्यानी येईल. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत तिकडे दुकाने आणि गॅरेजेस बहुधा बंद असतात. मावशींची पुढची पाळी मात्र चतुर्थीला सकाळी होती.

पंप टाकीतच का?

येथे थोडे थांबून शास्त्र पाहू. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारींत पेट्रोलचा पंप इंजिनावर बसविलेला असे. तो पडद्याचा पंप इंजिनाच्याच फिरण्याने चाले आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेई. मात्र कोणताही पंप द्रव ‘ओढत’ नाही. तो आपल्या बाजूचा दाब कमी करतो, आणि टाकीतल्या द्रवावर असलेला वातावरणाचा दाब द्रवाला वर ढकलतो. पाण्याचा स्तंभ याप्रमाणे सुमारे १०.३ मीटर चढू शकतो. पेट्रोलची सापेक्ष घनता ०.७४ धरली, तर हिशेबाने पेट्रोल जवळजवळ १४ मीटर चढावयास हवे.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पेट्रोल फार बाष्पशील आहे. सुमारे ३८ अंश सेल्सिअसला त्याचा बाष्पदाब ६० किलोपास्कलच्या आसपास असतो. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे ढकलण्यास उरले फक्त ४१ किलोपास्कल, आणि चढण आली साडेपाच मीटरच्या घरात. तापमान आणखी वाढले, की बाष्पदाब वाढतो आणि ही शिल्लकही आटते. इंजिनाजवळच्या तापलेल्या नळीत दाब कमी केल्याबरोबर पेट्रोल उकळू लागते, नळीत वाफेचा फुगा होतो आणि पंप नुसती वाफ घुसळीत राहतो. जुने ड्रायव्हर घाटात गाडी थांबवून पंपावर ओले फडके ठेवीत, त्यामागचे कारण हेच.

सन २००० च्या सुमारास आपल्या देशात धुरासंबंधीचे नियम कडक झाले, तसा कार्ब्युरेटर मागे पडून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. त्यांना साधारणपणे तीन ते चार वातावरणांइतका दाब लागतो. तेव्हा पंपच टाकीत, पेट्रोलाच्या तळाशी ठेवला. तेथून तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. दाबाखालच्या द्रवाला उकळण्यास जास्त तापमान लागते. त्यामुळे वाफेच्या फुग्याची पीडा बरीच टळली.

आता चाणाक्ष विद्यार्थी विचारील : विजेची मोटर, तिच्या घासणाऱ्या ब्रशांवर ठिणग्या, आणि ती चक्क पेट्रोलात? शिवाय या पंपात पेट्रोल मोटरीच्या आतून, आर्मेचरला चाटूनच वाहते. मग आग का लागत नाही? जळण्यास इंधन, प्राणवायू आणि ठिणगी ही तिन्ही लागतात. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के या मर्यादेत असली तरच पेटते. पंपाच्या आत हवाच नाही. टाकीतल्या रिकाम्या जागेत बाष्प इतके दाट असते, की नेहमीच्या तापमानाला ते वरच्या मर्यादेच्या पलीकडे जाते. बंद टाकी म्हणूनच सुरक्षित. पण झाकण उघडले, की बाष्प बाहेर येऊन हवेत मिसळते, पातळ होते आणि कुठे ना कुठे त्या मर्यादेत सापडतेच. आत ठिणगी असूनही धोका नव्हता. बाहेर ठिणगी नसेल तरच धोका नाही. हे वाक्य मी आता वर्गात फळ्यावर लिहितो.

निदान

भाऊजींचे शेजारी एक निवृत्त गॅरेजवाले काका. शिक्षण सातवीपर्यंत, पण हात पन्नास वर्षे मोटारीत घातलेले. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाच्या पाण्याने तापीला महापूर येऊन सुरतेचा बहुतांश भाग बुडाला होता. तेव्हा टाक्यांत पाणी आणि गाळ गेलेल्या मोटारी त्यांनी महिनोन्महिने उपसल्या होत्या. त्यांनी प्रथम काही खोलले नाही, फक्त ऐकले.

किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा पंप दोनएक सेकंद चालून नळीत दाब भरतो. मागच्या सीटशी कान लावला, तर बारीक गुणगुण ऐकू येते. आमच्या गाडीत शुकशुकाट. काकांनी फ्यूज पाहिला, तो चांगला. पंपाचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा तशाच मापाचा रिले लावला, तरी शांतता. मग मी पुढे सरसावलो. सीट उचलून टाकीवरच्या जोडात मल्टिमीटर लावला आणि जाहीर केले, “वीज येते आहे. १२.३ व्होल्ट.”

काका म्हणाले, पंप जोडलेला असताना मोजा.

मी मनातून ओशाळलो. जोड सुटा असताना प्रवाह वाहत नाही आणि प्रवाह नसला, की गंजलेल्या तारेतही दाब घटत नाही. चालू पंप सुमारे ५ अँपिअर घेतो असे धरा. जोडात ०.८ ओहम रोध असेल, तर ४ व्होल्ट तेथेच खर्ची पडतील आणि पंपाला आठच मिळतील. अशा वेळी चांगला पंप फेकून नवा घातला, तरी गाडी चालावयाची नाही. वर्गात हे गणित मी दरवर्षी सोडवून घेतो! पंप जोडून मोजले, तरी १२.२ व्होल्ट होते. म्हणजे तारा ठीक, पण प्रवाह जवळजवळ वाहतच नव्हता. पंपाच्या दोन टोकांमधला रोध मोजला. तो एखाद्या ओहमच्या आसपास हवा होता. मीटर अनंत दाखवीत होता. (एक ओहम रोधातून १२ अँपिअर का वाहत नाहीत, असे कोणी विचारील, फिरती मोटर स्वतःच उलट विद्युत्-दाब निर्माण करते, म्हणून.) मंडल तुटले होते ते पंपाच्या आतच. काकांनी टाकीला खालून लाकडाचा हलका ठोका दिला, तेव्हा क्षणभर गुणगुण झाली आणि थांबली. झिजलेल्या ब्रशांची ही खूण.

पंप झिजला का? तर पेट्रोल हे या पंपाचे नुसते ओझे नव्हे. तेच त्याला थंड ठेवते आणि तेलपाणीही तेच करते. सी.एन.जी. स्वस्त म्हणून भाऊजी टाकीत जेमतेम चार लिटर ठेवीत. आमच्या गाडीच्या किटमध्ये गॅसवर चालतानाही पंप चालूच राही. पुलाच्या चढावर, वळणावर पेट्रोल एका बाजूला सरे आणि पंप कोरडा फिरे. वाचविलेले पैसे पंपाने असे वसूल केले. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, ही सूचना तो दोन महिने देतच होता.

घाई

काकांच्या ओळखीच्या दुकानदाराने घरामागचे दुकान उघडून पंप, त्याची जाळी आणि झाकणाखालचे रबरी कडे दिले. तृतीयेची संध्याकाळ झाली. सकाळी मावशींना न्यायचे होते. भाऊजी म्हणाले, “आत्ताच उरकून टाकू.” मी लगेच होकार दिला. गाडी इमारतीच्या तळघरात होती. वायरला बांधलेला एक दिवा मी सीटपाशी टांगला आणि लोखंडी हातोडी व पेचकस घेऊन बसलो.

काका जिना उतरून आले. त्यांनी आधी दिव्याचे बटण बंद केले. मग कोपऱ्यात बोट दाखविले. तेथे पाडव्यापासून रोज लावली जाणारी पणती जळत होती.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी उताराने वाहते आणि तळघरात साचते. थंडीतही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडते, कारण शून्याखाली सुमारे ४० अंशांपर्यंतही ती त्याच्यावर तयार होत असते. सुरतेला हे कोणी शिकवावे लागत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणी-वर्गातील २२ विद्यार्थी प्राणांस मुकले. आगीचे कारण तेथे निराळे होते. पण आमच्या डोक्यावरही सात मजले माणसे झोपणार होती आणि मी, पदार्थविज्ञानाचा अध्यापक, तेथे टाकी उघडावयास निघालो होतो.

काका एवढेच म्हणाले, “पहेलां वास जवा दो, पछी काम.” आधी वास जाऊ द्या, मग काम. मावशींना हे कळले, तेव्हा त्याही आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “घाई कसाले करस भाऊ?” सकाळी अक्का त्यांना रिक्षाने घेऊन जाईल असे ठरले. जिच्यासाठी घाई, तिलाच घाई नव्हती.

प्रत्यक्ष काम

चतुर्थीला सकाळी गाडी ढकलीत मागच्या मोकळ्या मैदानात नेली. चारी दारे उघडली. वाळूची बादली आणि कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवले. मोबाईल घरी ठेवले. काकांनी भाऊजींना सदरा बदलावयास लावला. सुरत ही कृत्रिम धाग्याच्या कापडाची पेठ. अंगावरचा सदराही तसलाच. असे कापड घर्षणाने विद्युत्-भार साठविते आणि त्याची ठिणगी वाफेला पुरते. सुती सदरे घालून आम्ही आधी गाडीच्या लोखंडाला हात लावला.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे होता :

१. गॅसच्या नळकांड्याची चावी बंद केली. त्यात सुमारे २०० वातावरणांइतका दाब असतो.

२. बॅटरीचे ऋण टोक काढले.

३. टाकीवरचे लहान झाकण काढण्यापूर्वी भोवतालची धूळ ब्रशाने झाडून ओल्या फडक्याने पुसली. नंतर ती टाकीत पडली, तर नव्या जाळीतच जाऊन बसते.

४. पेट्रोलच्या नळीभोवती जाड फडके गुंडाळून मगच तिचा खटका दाबला. पंप बंद असला, तरी नळीत दाब उरलेला असतो.

५. पंपाच्या झाकणावरील बाणाची जागा खडूने टाकीवर आखून ठेवली.

६. मोठे आटेदार कडे लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून सैल केले. लोखंडावर लोखंड मारले नाही.

७. सारा सांगाडा तिरपा करीत सावकाश वर घेतला, कारण पेट्रोलची पातळी दाखविणारा तरंगा नाजूक दांडीवर असतो. ती वाकली, तर काटा जन्मभर खोटे बोलतो. पेट्रोल टाकीतच निथळू दिले आणि तोंडावर स्वच्छ फडके टाकले.

सांगाड्यात प्लॅस्टिकचे एक भांडे, त्यात पंप, तळाशी जाळी, बाजूला दाब राखणारी झडप आणि तरंगा असतो. आमची जाळी तपकिरी चिखलाने भरली होती. नुसता पंप बदलायचा, तर आतली छोटी नळीही पेट्रोलात बुडून टिकेल अशाच जातीची लागते. साधी रबरी नळी मऊ पडते. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२३ पासून अमलात आले, तेव्हापासून हे पथ्य अधिकच पाळावे लागते. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि जुन्या धर्तीच्या रबराशी त्याचे जमत नाही. आपल्या बेळगाव भागातल्या उसाचा संबंध असा थेट सुरतेच्या पंपाशी पोचतो! झाकणाखालचे रबरी कडे मात्र नवेच घालावे. जुने पेट्रोलने फुगलेले असते आणि पुन्हा खाचेत नीट बसत नाही.

माझी चूक

सांगाडा आत गेला, बाण खुणेशी जुळला, कडे आवळले. नळीचा खटका बसविण्याचे काम माझ्याकडे होते. मी नळी दाबली. काकांनी विचारले, “टक् आवाज आला?”

मी म्हणालो, “आला.”

आवाज आला नव्हता. म्हणजे आला नव्हता असेही मी सांगू शकत नव्हतो, कारण मी ऐकलेच नव्हते. अकरा वाजले होते आणि माझे ध्यान घड्याळाकडे होते. नळी बसलेली दिसत होती, तेव्हा आवाज आलाच असणार, असे मी गृहीत धरले.

बॅटरी जोडून भाऊजींनी किल्ली फिरविली. गुणगुण झाली आणि आम्हा सर्वांचे चेहरे उजळले. दुसऱ्यांदा फिरविली. तिसऱ्यांदा दाब पुरा चढला आणि त्या जोडातून पेट्रोलचा केसाएवढा बारीक फवारा उडाला. काकांनी ओरडून किल्ली बंद करविली, बॅटरीचे टोक उपटले आणि आम्हाला दूर नेले. सीट अजून बसविलेली नव्हती, इंजिन सुरू केलेले नव्हते, वारा होता. म्हणून केवळ एक फडके भिजण्यावर निभावले. सीट बसवून गाडी चालू केली असती तर? दोन दिवसांनी त्याच सीटवर मावशी बसणार होत्या.

काका मला काहीच बोलले नाहीत. वास जाईपर्यंत तासभर आम्ही निंबाखाली बसलो. मग मी पुन्हा नळी दाबली. या वेळी आवाज आला, आणि तो आल्यावर कळले, की तो ऐकू न येण्यासारखा नसतोच. नळी ओढून पाहिली, सुटली नाही. किल्ली पाच वेळा फिरवून बोटाने जोड चाचपला. तो कोरडा होता. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले. तोवर एक वाजून गेला होता, आणि मावशी दोन्ही वेळा रिक्षानेच जाऊन आल्या होत्या.

मित्रहो, प्रयोगशाळेत तुमच्यापैकी काहीजण न घेतलेली वाचने वहीत भरतात. आलेख सरळ यावा म्हणून एखादा बिंदू कल्पनेने मांडतात. मी त्यावर लाल शाई चालवितो. त्या दिवशी माझ्या वहीवर लाल शाई चालवावी असे काम मी केले, आणि तेही जेथे चुकीच्या वाचनाची किंमत गुणांत मोजली जात नाही तेथे. “ऐकले नाही, पुन्हा दाबतो,” एवढे म्हणण्यास अर्धे मिनिट लागले असते.

तात्पर्य

हे काम घरी करावे काय? ज्या गाडीत मागच्या सीटखाली टाकीवर झाकण आहे, टाकी जवळजवळ रिकामी आहे, उघडी जागा आहे आणि पूर्वी ते केलेला माणूस शेजारी आहे, तेथे करता येते. यांपैकी एकही गोष्ट नसेल, किंवा टाकीच खाली उतरवावी लागत असेल, तर गॅरेज उघडण्याची वाट पाहावी. आणि ज्यांची गाडी गॅसवर चालते त्यांनी टाकी निदान पाव भरलेली ठेवावी व आठवड्यातून काही वेळ पेट्रोलवरही चालवावी.

जुना पंप मी काकांकडून मागून घेतला. तो महिनाभर उघड्यावर सुकू दिल्यावर कापून पाहिला : एक ब्रश जवळजवळ संपलेला, आणि ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर तो घासे त्यांवर खोल चर. आता तो आमच्या प्रयोगशाळेतील कपाटात आहे. एकमार्गी मोटरीचा धडा आला, की मी तो टेबलावर ठेवतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो, की ही मोटर पेट्रोलात बुडून चालते, मग पेटत का नाही? उत्तरे येतात. त्यानंतर मी त्यांना त्या ‘टक्’ आवाजाची गोष्ट सांगतो.